पॉइंटच्या पुढचं

माझी वहिनी हॉस्पिटलात कामाला आहे असं सांगितलं की लोकांना ती नर्स वाटते. मग लोक तिला गुडघे दाखवतात, गोळ्यांची नावं विचारतात. ती निमूट ऐकून घेते आणि शेवटी सांगते, "मी कॉम्प्युटरवर असते हो." तिनं आयुष्यात कुणाला सुई टोचलेली नाही. घरात सुईचं काम माझ्याकडे. पुढच्या खोलीत माझं दुकान आहे. नवीन कपडे मी शिवत नाही, लोकांचे जुने सैल करून देते नाहीतर आवळून देते. माझा भाऊ, म्हणजे दादा, मला सुईच म्हणायचा. कपड्यांमुळे नाही, जिभेमुळे.

दादा मोटार चालवायला शिकवायचा. त्याच्या गाडीत त्याच्या बाजूलाही पायाखाली एक ब्रेक होता. शिकणारा कितीही गोंधळला तरी हा शांत बसायचा, कारण पाय ब्रेकवर. घरातही तसाच होता. मी आणि वहिनी कढईच्या कानावरून भांडायला लागलो की तो पेपर खाली न करता म्हणायचा, "गिअर बदला दोघी." आम्ही गप्प व्हायचो. ती मला थट्टेनं वन्सं म्हणायची आणि मी भांडताना तिला मुद्दाम अहो-जाहो करायचे. आमचं नणंद-भावजयीचं नातं बरं चाललं होतं, असं मी म्हणेन. तिनं वेगळं काही म्हटलेलं मी ऐकलं नाही.

वहिनीचं काम मला समजायला फार वर्षं लागली. लॅबमध्ये रक्त तपासणारी मशीनं आहेत. त्यांनी मोजलेला आकडा कुणाच्या हाताला न लागता थेट डेटाबेसमध्ये जाऊन बसतो, पॉइंटच्या पुढे चार घरं घेऊन. तिथून तो काढायचा तर क्वेरी लिहावी लागते. क्वेरी म्हणजे त्या साठ्याला नीट शब्दांत विचारलेला प्रश्न: अमुक माणसाचा अमुक तारखेचा आकडा दे, आणि असा असा दिसेल असा दे. ते 'असा असा दिसेल' हे वहिनीचं खातं. कागदावर काय छापायचं, किती घरं दाखवायची, ते तिच्या हातात. आमच्या धंद्यातही असंच असतं. चांगला शिंपी शिवणीच्या आत बोटभर कापड सोडतो. बाहेरून ते दिसत नाही, पण उसवलं की सापडतं.

पूर्वी त्यांच्या रिपोर्टवर सगळंच छापून यायचं. साखर ११२.०००० अशी. एका आजीबाईंना पॉइंट दिसला नाही. साखर अकरा लाखांच्या वर गेली म्हणून त्या लॅबच्या बाकावर बसून रडायला लागल्या, आणि त्यांची समजूत घालायला वहिनीलाच खाली बोलावलं. ती घरी येऊन म्हणाली, "माणूस आधीच घाबरलेला असतो. त्याच्या हातात शून्यांची माळ कशाला द्यायची?" दादा म्हणाला, "खरं आहे. मीटरवर काटा असतो तेवढा पुरे."

मग त्यांच्या डॉक्टरांची बैठक झाली. ज्या तपासण्यांत पॉइंटच्या पुढच्याला अर्थ नाही तिथे पूर्ण आकडाच छापायचा, असं ठरलं. कुठल्या तपासण्या ते डॉक्टरांनी सांगितलं आणि वहिनीनं त्यांच्या क्वेरीत एक शब्द घातला. त्या शब्दानं पॉइंट आणि त्याच्या पुढचं सगळं गळून पडतं. जवळच्या आकड्याला जात नाही, नुसतं गळतं. पॉइंट नव्व्याण्णव असलं तरी गळतं. साठ्यात मात्र सगळं शाबूत राहतं. पोटात एक आणि ओठावर एक असं आपण लबाड माणसाला म्हणतो. इथे कुणीच लबाड नव्हतं. रिपोर्ट सुटसुटीत झाले, लोक खूश झाले, आणि वहिनीला सगळ्यांसमोर शाबासकी मिळाली.

त्यानंतर वर्षा-दीड वर्षानं दादाचं ऑपरेशन झालं. एक ग्रंथी काढून टाकली, कारण तिच्यात वाईट गाठ होती. सर्जननी सांगितलं, सगळी निघाली आहे, आता दर तीन महिन्यांनी रक्तातला एक आकडा बघायचा. तो शून्याला टेकून राहिला की झालं.

त्या आकड्यावरून घरात एक रिवाज पडला. रिपोर्टच्या दिवशी वहिनी संध्याकाळी यायची ती माझ्या दुकानातून आतल्या दाराशी, आणि तिथेच थांबायची. चपला पायात, पर्स खांद्यावर, कागद हातात. दादाचा नियम होता: आकडा ऐकल्याशिवाय चपला काढायच्या नाहीत. तो आतून विचारायचा, "किती आला?" ती वाचायची, "शून्य." तो म्हणायचा, "शाळेत पण एवढाच यायचा, तेव्हा कुणी चहा नाही दिला." मग ती चपला काढायची आणि चहा टाकायची. कागदाला त्यानं कधी हात लावला नाही. बायको वाचते आहे म्हटल्यावर चष्मा कशाला शोधायचा, असं त्याचं म्हणणं. सर्जन मात्र कागद बघायचे, आणि कागदावरही शून्यच असायचं.

सहा वेळा हे असं झालं. सातव्या वेळी वहिनी दाराशी उभी राहिली आणि म्हणाली, "एक."

"वा," दादा म्हणाला. "खातं उघडलं."

आम्ही तिघंही हसलो होतो. ते मला आठवतं.

सर्जन हसले नाहीत. त्यांनी मागचा कागद काढून बघितला, पुढचा बघितला आणि वहिनीला म्हणाले, "हा आकडा असा शून्यावरून उडी मारून एकावर येत नाही. मधे काहीतरी असतं." एवढंच म्हणाले. वहिनी तिथून उठून सरळ हॉस्पिटलातल्या आपल्या कॉम्प्युटरपाशी गेली, क्वेरीतला तो एक शब्द काढला आणि नवऱ्याचा नंबर घालून साठ्याला पुन्हा विचारलं.

ती भर दुपारी घरी आली. ती दुपारी कधी येत नाही. मी एका पडद्याला दुमड घालत होते. ती गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली आणि कविता म्हणावी तसं म्हणायला लागली. "पॉइंट शून्य चार. पॉइंट एक एक. पॉइंट दोन सहा. पॉइंट चार सात. पॉइंट सहा आठ. पॉइंट नऊ तीन. एक पॉइंट चार."

"हे काय आहे?"

"त्यांचा आकडा. एकदाही शून्य नव्हता."

मला वाटलं मशीन बिघडलं असेल. तसं मी म्हटलंही. ती म्हणाली, मशीननं बरोबर मोजलं, साठ्यात बरोबर बसलं. ज्यांच्या अंगात ती ग्रंथी आहे त्यांना हा आकडा चारपर्यंत चालतो, म्हणून डॉक्टरांना वाटलं पूर्ण आकडा पुरे. ज्यांची ग्रंथी काढली आहे त्यांच्यासाठी पॉइंट दोनची वेस आहे, हे त्या बैठकीत कुणाच्या डोक्यात आलं नाही. "माझ्याही नाही," ती म्हणाली. "वन्सं, मी दर वेळी वाचत होते. मीच छापत होते आणि मीच वाचत होते."

मला राग यायला हवा होता. मी वाट बघितली, आला नाही. मी दुमड पुरी केली, दोरा तोडला आणि तिला विचारलं, "दादाला सांगणार आहेस का?"

"आज."

तिनं संध्याकाळी सांगितलं. मी भाजी निवडत होते, उठून जायचं सुचलं नाही. दादानं सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाच विचारलं, "आधी कधी कळलं असतं?" ती म्हणाली, "वर्षापूर्वी."  तो म्हणाला, "माझ्या गाडीत माझ्या बाजूलाही ब्रेक असतो. शिकणारा चुकला तर मी दाबतो. तुमच्याकडे दुसरा ब्रेक नव्हता का?"

"नव्हता," वहिनी म्हणाली. "मला वाटलं डॉक्टर बघतायत. डॉक्टरांना वाटलं कागद सांगतोय."

दादानं मान हलवली. पुढे त्यानं या विषयावर एक वाकडा शब्द काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, कारण वहिनी त्या शब्दाची वाट बघत बसली.

दुसऱ्या दिवशी तिनं लॅबच्या प्रमुखांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, बैठकीत सगळ्यांच्या सह्या आहेत, तुम्ही एकट्या कशाला मनाला लावून घेता. तिनं लावून घेतलं नाही, काम केलं. ती ग्रंथी काढलेली जेवढी माणसं होती त्या सगळ्यांचे आकडे पॉइंटसकट बाहेर काढले आणि ज्यांचे वेशीच्या पुढे गेले होते त्यांना बोलावून घ्यायला लावलं. रिपोर्ट बदलला. आता ज्या तपासणीला मशीन जेवढी घरं मोजतं तेवढी छापून येतात. आणि जिथे मशीनलाही काही सापडत नाही तिथेही ती शून्य छापत नाही. तिथे 'इतक्यापेक्षा कमी' असं येतं. मी विचारलं, एवढं लांबलचक कशाला? ती म्हणाली, "शून्य आहे असं आपल्याला माहीत नसतं. आपल्याला दिसलं नाही एवढंच माहीत असतं." बैल गेला आणि झोपा केला, असं माझ्या तोंडावर आलं होतं. मी ते गिळलं. आमचा बैल गेला होता. बाकीच्यांचे अजून गोठ्यात होते, हे मला तेव्हा दिसत नव्हतं.

दादाचे उपचार सुरू झाले. गाठीचे दाणे हाडात पोचले होते. सर्जन म्हणाले, प्रयत्न करू. डॉक्टर 'करू' म्हणतात तेव्हा काय समजायचं ते आम्हाला समजलं.

पुढच्या रिपोर्टच्या संध्याकाळी वहिनी आली आणि आतल्या दाराशी थांबली. चपला पायात, पर्स खांद्यावर, कागद हातात. मी शिलाईचं मशीन थांबवलं. आतून काही आवाज आला नाही. जरा वेळानं दादा उठून आला, चष्मा लावूनच आला. त्यानं हात पुढे केला. तिनं कागद दिला. त्यानं तो खिडकीपाशी नेऊन वाचला, एकेका आकड्यावर बोट ठेवून, पॉइंटवरसुद्धा. मग घडी करून खिशात घातला. "चहा टाकतेस ना?" त्यानं विचारलं. आवाजात काही नव्हतं. तो तिच्याशी पहिल्यासारखाच बोलायचा, तिच्या ताटातलं लोणचं पळवायचा, पाठ चोळून घ्यायचा. फक्त 'किती आला' हे विचारणं त्यानं बंद केलं.

वहिनीला बाकी काही नको होतं. माफी तिनं मागितली होती, त्यानं 'असू दे' म्हटलं होतं. पण दर रिपोर्टला ती दाराशी तश्शीच उभी राहायची, आणि मला पाठमोरी दिसायची. त्यानं एकदा विचारावं, एकदा तिच्या तोंडून ऐकून घ्यावं आणि ते खरं मानावं, एवढ्यासाठी ती उभी असायची. तो यायचा आणि हात पुढे करायचा.

मी काय करत होते? मी मूग गिळून बसले होते. तिच्याशी लागेल तेवढंच बोलत होते: किल्ली ठेवली आहे, मीठ संपलंय, गॅसवाला येऊन गेला. भांडण पण होत नव्हतं. कढईचा कान तुटायला आला तरी कुणी कुणाला काही म्हटलं नाही. मी तिला वहिनी म्हणायचंही टाळायला लागले होते. नुसतं 'अगं' म्हणायचे. आत बघितलं तर तिथे राग नव्हता. रागाची जागा होती, झाडून ठेवलेली.

एक दिवस दुकानात एक माणूस आला. माळी होता, नखांत माती. त्यानं वहिनीचं घर हेच का विचारलं. तिनं साठ्यातून शोधून काढलेल्यांपैकी तो एक. त्याचा आकडा वेशीच्या जरासाच पुढे होता, वेळेत सापडला, आता उतरला होता. "बाईंमुळे वाचलो," तो म्हणाला. कुंडीत लावलेलं एक रोप घेऊन आला होता. दादा आतून काठी टेकत आला. मला वाटलं आता काहीतरी होणार. दादानं त्याला स्टुलावर बसवलं, त्याचा आकडा किती होता ते विचारलं. माळी म्हणाला, "पॉइंट तीन एक."

"पॉइंट तीन एक," दादा म्हणाला. "वा." मग मला म्हणाला, "सुई, पाणी दे त्यांना. बसा हो, ती येईलच."

ती येईपर्यंत दोघं मोटारींविषयी बोलत बसले. वहिनी आली, रोप घेतलं, "तब्येत जपा" म्हणाली आणि आत गेली. मी मागून गेले तर ती मोरीत उभी राहून कुंडीला पाणी घालत होती. पाणी खालून वाहून चाललं तरी घालत होती. मी तिच्या हातातून तांब्या काढून घेतला. तेव्हा एक शब्द बोलता आला असता. मी तांब्या जागेवर ठेवला आणि दुकानात आले.

हळूहळू दादाचा उजवा पाय गेला. ब्रेकवर राहायचा तो. गाडी विकली. मग त्याला खिडकीपर्यंत चालवेना, तेव्हा वहिनी कागद पलंगाशी नेऊन द्यायला लागली. मग कागद धरवेना, तेव्हा तो डोळ्यांसमोर धरायला दादा मला बोलवायचा. मी धरायचे. वहिनी दाराशी उभी. आकडे आता शेकड्यांत गेले होते, पॉइंटच्या पुढे काय आहे याला तसा काही अर्थ उरला नव्हता. तरी तो शेवटच्या घरापर्यंत बघायचा आणि मगच डोळे मिटायचा. शेवटचं रक्त लॅबचा माणूस घरी येऊन घेऊन गेला.

त्याचा रिपोर्ट यायच्या आत दादा गेला. सकाळी, वहिनी त्याचं तोंड पुसत असताना. त्या वेळी त्यानं काय म्हटलं असं लोक विचारतात. काही म्हटलं नाही. टॉवेल गरम आहे का एवढं तिनं विचारलं, त्यानं मान हलवली, आणि जरा वेळानं ती म्हणाली, "वन्सं, इकडे ये." मी गेले. मग माणसं आली, बोलली, गेली. मी रडले नाही. तीही नाही. लोकांना ते विचित्र वाटलं असावं, कारण एक बाई मला बाजूला घेऊन म्हणाली, रडून घे, मोकळी हो. मला कुठे अडल्यासारखं वाटतच नव्हतं.

काही दिवसांनी वहिनी कामावर जायला लागली. मीही दुकान उघडलं. एका माणसानं विजार आणली होती, कंबर सैल करायला. तीच उसवत होते. आतलं कापड मोकळं केलं, बोटभर होतं, पुरलं असतं.

संध्याकाळी वहिनी आली. माझ्यासमोरून आतल्या दाराशी गेली आणि थांबली.

मी वर बघितलं. चपला पायात, पर्स खांद्यावर, हातात कागद. तो शेवटच्या रक्ताचा रिपोर्ट होता. कुणी न्यायला आलं नाही म्हणून लॅबच्या खिडकीवरच्या बाईनं तिच्या टेबलावर आणून ठेवला असणार. आत पलंगावरची गादी गुंडाळलेली होती. वहिनी त्या गादीकडे तोंड करून उभी होती. आत जात नव्हती. मला वाटलं, आता जाईल. ती गेली नाही. मी परत टाका उसवायला घेतला, आणि माझ्या लक्षात आलं की ती जाणार नाही, कारण ती जाऊ शकत नाही. विचारल्याशिवाय तिला चपला काढता येत नव्हत्या, आणि विचारणारं आता कोण होतं?

मी विजार खाली ठेवली.

"किती आला, वहिनी?"

तिनं वळून बघितलं नाही. कागद वर धरला आणि वाचला. "चारशे बारा पॉइंट तीन सात."

पहिल्यांदा मला नुसतं चारशे बारा ऐकू आलं. मग मागून बाकीचं पोचलं, आणि त्याबरोबर दादाही पोचला.

"पुढचं ऐकलंस का?" तिनं विचारलं. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "पॉइंटच्या पुढचं?"

"ऐकलं," मी म्हटलं. "तीन सात."

मग तिनं चपला काढल्या.